सापातल्या घरी भिंतीवर पिसांचा कागद होता. तो देव्हाराच ना?

डोंगरवेडी | शनिवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर व्हिएतनामला जाऊन आलो. हनोई, हा लाँग बे वगैरेवर इथे भरपूर धागे आहेत, त्यामुळे ते नको. हा धागा वेगळ्या कारणासाठी.

उत्तरेकडच्या डोंगरातल्या सापा या गावी असताना जवळच्या लाओ चाईत एका ह्मोंग (ही तिथली डोंगरी जमात) कुटुंबाकडे मुक्काम केला. लाकडी घर, मातीची जमीन, माळ्यावर मक्याच्या कणसांच्या माळा. दारातून आत शिरलं की बरोब्बर समोरच्या भिंतीवर एक जाडाभरडा पांढरट कागद चिकटवलेला. त्यावर सोनेरी वर्खाचे चौकोन आणि कोंबडीची पिसं. पिसं कशाने चिकटवलीत म्हणून जवळ जाऊन बघितलं तर वाळलेलं रक्त. खाली उदबत्त्यांच्या जळक्या काड्या. ना मूर्ती, ना तसबीर. घरातली पोरं त्याच्याखालीच लोळत मोबाइल बघत होती.

दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाच्या एका घराच्या दारावर हिरव्या पानांची डहाळी खोचलेली दिसली. आतून थाळा बडवल्यासारखा आवाज येत होता, मध्येच डुक्कर ओरडलं. आमची गाईड विशीतली ह्मोंग मुलगी. ती म्हणाली, आजारी माणसासाठी चाललंय, डहाळी लावली की परक्याने आत जायचं नाही. आमच्यातल्या एका काकांनी लगेच पाकीट काढलं. ती "नाही" एवढंच म्हणाली आणि चालू लागली. संध्याकाळी सापा बाजारात परतलो तर एक एजंट म्हणे, उद्या शामनचा (आत्म्यांशी बोलून आजार बरा करणाऱ्या त्यांच्या भगताचा) विधी दाखवतो, जेवणासकट! आमच्या ग्रुपमध्ये यावरून बसमध्ये चांगलीच जुंपली. आम्ही गेलो नाही, काका गेले.

तर प्रश्न दोन. तो कागद नक्की काय? आणि असे विधी पैसे देऊन बघावेत का?

---

खोडसाळ | शनिवार, ९:३०

शीर्षक वाचून वाटलं, नागोबाने देव्हारा मांडला. पिसं कोंबडीची म्हणजे नैवेद्यही त्याचाच.

---

वाचनमात्र | शनिवार, ९:४१

वाचतोय. बसमधल्या भांडणाचं सविस्तर वर्णन येऊ द्या.

---

सह्यभ्रमर | शनिवार, १०:०५

आधी एक खुलासा, कारण या भागात सगळ्यांना एकाच माळेत ओवतात. सापाच्या आसपास निळीने रंगवलेले कपडे घालणारे काळे ह्मोंग आहेत, तसेच लाल मुंडासं बांधणारे लाल झाओही आहेत. ता वान गावात 'जाय' जमातीचे लोक बरेच. झाओंचे विधी चिनी ताओ पंथाच्या वळणाचे: चिनी लिपीतल्या पोथ्या, देवतांची चित्रं, मुलग्यांना दीक्षा देताना दिवे लावायचे. ह्मोंगांकडे पोथी नाही, सगळं तोंडपाठ. लाओ चाई म्हणजे ह्मोंगच, त्यामुळे तुम्ही बघितलेला कागद त्यांचाच. पुढचं जाणकार सांगतील. व्हिएतनाममध्येच ह्मोंग १३ लाखांच्या वर आहेत. चीन, लाओस, थायलंड वेगळे.

---

बर्फातली_नर्स | शनिवार, संध्याकाळी ७:२०

माझी रात्रपाळी संपली, आता लिहिते. लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी सेंट पॉलला (मिनेसोटा) हॉस्पिटलमध्ये आहे. आमच्या वॉर्डात ह्मोंग पेशंट नाही असा आठवडा जात नाही. हे लोक इथे कसे पोचले ते थोडक्यात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सीआयएने लाओसच्या डोंगरांत जनरल वांग पाओच्या हाताखाली ह्मोंगांची फौज उभी केली. १९७५ मध्ये लाओस कम्युनिस्टांच्या हाती गेलं आणि यांची पळापळ झाली. रात्रीच्या अंधारात मेकाँग ओलांडायची, थायलंडच्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढायची, मग अमेरिका. आज इथे तीन लाखांहून जास्त आहेत. टोकियो ऑलिंपिकची जिम्नॅस्ट सुनी ली आमच्या सेंट पॉलचीच.

आता कागद. त्याला 'सू का' म्हणतात (उच्चार साधारण असा, माझी सहकारी ऐकून हसते ते सोडा). घराचं रक्षण आणि धनधान्य सांभाळणारी देवता. दाराच्या समोरच्या भिंतीवरच असते. दरवर्षी त्यांच्या नववर्षाला जुना कागद काढून नवा लावतात, कोंबडा देतात, त्याच्या रक्तात पिसं बुडवून चिकटवतात. जुन्या चालीने राहणाऱ्या बहुतेक प्रत्येक घरात हा असतो, शामनच्या घरीच असं नाही.

शामनचं ठाणं वेगळं. शामनला 'त्सी नेंग' म्हणतात, आणि ती बाईही असू शकते. माझ्या सहकारी मैत्रिणीची आई आहे, त्यामुळे मी ते घर जवळून बघितलंय. उपनगरातलं साधं घर, हॉलमध्ये एका बाजूला भला मोठा टीव्ही, समोरच्या भिंतीला दोन मजली लाकडी फळी. तिच्यावर सोनेरी-रुपेरी कागदाचं मखर, तांदळाच्या वाट्या, त्यात उभी ठेवलेली अंडी, पाणी, उदबत्त्या. फळीपासून दोरे निघून छताजवळून थेट दारापर्यंत गेलेले. सहाय्यक आत्म्यांची ये-जा त्या दोऱ्यांवरून होते. आणि फळीच्या कडेला डुकरांच्या जबड्यांची हाडं टांगलेली! मी बघतच राहिले तर मैत्रीण म्हणाली, वर्षभरात ज्या डुकरांनी आजाऱ्यांसाठी जीव दिला त्यांची. नववर्षाला ती हाडं जाळतात, मग डुकराचा आत्मा मोकळा होऊन पुढच्या जन्माला जातो. तोवर तो कामावर.

विधीच्या दिवशी पहिलं काम म्हणजे स्मोक डिटेक्टर उतरवणे. हसू नका, एकदा फायर ब्रिगेड येऊन गेली आहे.

विधी असा. आजार म्हणजे बहुतेक वेळा माणसाचा एखादा आत्मा घाबरून, वाट चुकून कुठेतरी राहिला, किंवा कुणी पकडून नेला. एका माणसात आत्मे अनेक, किती ते घराण्यागणिक वेगळं सांगतात. शामन एका अरुंद लाकडी बाकावर ठाण्याकडे तोंड करून बसते. तो बाक म्हणजे तिचा पंखवाला घोडा. चेहऱ्यावर काळा फडका, म्हणजे हे जग दिसायचं बंद. हातात लोखंडी कडं, त्यात चकत्या खुळखुळतात, बोटांत घुंगरू. मागे मदतनीस थाळा बडवतो. मग घोडा निघतो. पाय दौडीच्या लयीत आपटत राहतात आणि तोंडाने अखंड मंत्र, त्यात जुनी चिनी वाक्यं इतकी की घरच्यांनाही निम्मं कळत नाही. हे तासन्‌तास चालतं. मैत्रिणीची आई पासष्टीची, गुडघे दुखतात म्हणून एरवी जिना चढत नाही. ती मध्येच बाकावर उडी मारून उभी राहते, मदतनीस कमरेला धरून सावरतो. म्हशीच्या दुभंगलेल्या शिंगाचे दोन तुकडे जमिनीवर टाकून कौल घेतात.

डुकराचा आत्मा पेशंटच्या आत्म्याच्या बदल्यात द्यायचा किंवा त्याला राखणीला ठेवायचा. त्याच्या रक्ताचा ठसा पेशंटच्या सदऱ्यावर पाठीमागे उमटवतात. शेवटी नातेवाईक येऊन मनगटाला पांढरे दोरे बांधतात, प्रत्येक जण काहीतरी आशीर्वाद पुटपुटतो. मग सगळे मिळून तेच डुक्कर जेवतात.

बाकी विचारा, सांगते. आता झोपते.

---

मिसळ_जास्त_तर्री | शनिवार, ७:५८

दंडवत घ्या ताई. स्मोक डिटेक्टरला तर _/\_

---

खोडसाळ | शनिवार, ८:०२

"तोवर तो कामावर." मेल्यानंतरही सुट्टी नाही, हे डुक्कर आयटीत असणार.

---

विवेकवादी_विजू | शनिवार, रात्री ९:१५

वर्णन छान आहे हो, पण सगळे माना डोलावताहेत म्हणून लिहितो. आजारी माणसासमोर थाळा बडवणं आणि जनावर मारणं याला "संस्कृती" म्हटलं की ते पवित्र होतं का? हेच आपल्याकडच्या एखाद्या बाबाने केलं असतं तर याच संस्थळावर आपण त्याची साल काढली असती. आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा यायला दाभोलकरांचा खून व्हावा लागला. व्हिएतनामी डोंगरावर गेलं की तीच गोष्ट "रोचक" होते?

दुसरं, "एखादा आत्मा वाट चुकला" हे ऐकून दवाखान्यात जायला उशीर झालेल्या माणसांचा हिशेब कोण ठेवतं?

---

रानजाई | शनिवार, ९:४०

विजूशेठ, कायदा आधी नीट वाचा. विंचू, साप, कुत्रा चावल्यावर माणसाला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावाने लुबाडणूक, अशा गोष्टी त्यात आहेत. घरात कोंबडं कापून जेवणं त्यात नाही, नाहीतर अर्धं कोकण आत गेलं असतं.

---

विवेकवादी_विजू | शनिवार, ९:५२

"डॉक्टरकडे जाऊ न देता" हेच तर म्हणतोय. उशिराचं बोला.

---

सेंट्रल_व्हॅली | रविवार, पहाटे ५:३०

कॅलिफोर्नियातून. विजू यांचा मुद्दा पोकळ नाही. १९९४ मध्ये इथे फ्रेस्नोत कॅन्सर झालेल्या पंधरा वर्षांच्या एका ह्मोंग मुलीच्या घरच्यांनी केमोथेरपीला नकार दिला. कोर्टाच्या हुकमावरून ती सुरू झाली आणि पोरगी घरातून पळून गेली. त्या वेळी इथली वर्तमानपत्रं त्याच बातमीने भरली होती. डॉक्टरांच्या बाजूने कायदा होता, पण ते जिंकले असं कुणालाच वाटलं नाही.

जवळच्या मर्सेड गावाने यातून वेगळी वाट काढली. तिथे २००० पासून शामनांसाठी सात आठवड्यांचा वर्ग चालवला. त्यांना सूक्ष्मदर्शकातून जंतू दाखवले, ऑपरेशन थिएटर दाखवलं, हृदय कसं चालतं ते सांगितलं. मग २००९ मध्ये तिथल्या मर्सी मेडिकल सेंटरने रीतसर धोरणच केलं: ओळखपत्र असलेला शामन पाद्र्यासारखा पेशंटच्या खोलीत येऊ शकतो, नऊ प्रकारचे विधी करू शकतो. आत्म्याला हाक मारणं, मनगटाला दोरा बांधणं, हलक्या आवाजात मंत्र. थाळा नाही, जनावर नाही, ते घरी.

हॉस्पिटलने हे भाबडेपणाने केलेलं नाही. जुन्या ह्मोंगांना भूल द्यायची भीती, कारण गुंगीत आत्मा निसटला तर? रक्त काढायची भीती, कारण गेलेलं रक्त भरून येत नाही अशी समजूत. शामनच जेव्हा म्हणतो की मी आत्मा धरून ठेवतो, तू ऑपरेशन करून घे, तेव्हा सही होते. उशीर कमी करायचाच असेल तर याहून स्वस्त उपाय सांगा.

---

विवेकवादी_विजू | रविवार, सकाळी ८:१०

माहितीबद्दल आभार. धोरण म्हणून चांगलं आहे, हे कबूल. पण मग शामनचा उपयोग काय, तर सही मिळवणे! म्हणजे हॉस्पिटलही मनातून माझ्याच बाजूचं.

---

सेंट्रल_व्हॅली | रविवार, ८:२५

हॉस्पिटल त्याच्या मनात काय आहे ते बोर्डावर लावत नाही. पेशंट घरी चालत गेला की त्यांचं काम झालं.

---

डॉ_टिकटिक | रविवार, ११:००

थोडं अवांतर, पण वैद्यकीयदृष्ट्या फार महत्त्वाचं प्रकरण आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या सुरुवातीला अमेरिकेत आलेले धडधाकट ह्मोंग पुरुष झोपेतच मरू लागले. बहुतेक तिशीच्या आसपासचे, आधी कसलाही आजार नाही. १९८१ मध्ये हे प्रमाण सर्वात जास्त होतं. आग्नेय आशियातून आलेल्या निर्वासितांत असे शंभरहून जास्त मृत्यू नोंदले गेले. शवविच्छेदनात काही सापडेना.

ह्मोंग सांगत होते, छातीवर 'दा त्सो' नावाचं भूत बसतं, श्वास कोंडतो. पहिल्या एक-दोन वेळी सुटलात तर विधी करून घ्यायचा, नाहीतर पुढच्या खेपेला ते नेतं. आणि इथे, परक्या शहरात, ना शामन, ना डुक्कर, ना घरात पितरांची जागा. सरकारने कुटुंबं वेगवेगळ्या राज्यांत विखरून टाकलेली. पुरुष घाबरून झोपतच नव्हते.

पुढे १९९२ मध्ये ब्रुगाडा सिंड्रोमचं वर्णन झालं. हृदयातल्या सोडियमच्या वाहिन्यांचा जनुकीय दोष, झोपेत ठोके बिघडतात. आग्नेय आशियातल्या पुरुषांत तो जास्त सापडतो, आणि झोपेतल्या अशा मृत्यूंशी त्याचा संबंध नंतर दाखवला गेला. म्हणजे मूळ दोष हृदयातला. पण तोच दोष लाओसमध्ये असतानाही असणार ना? मग इथे येऊन इतके का गेले? भीती, जागरण, ताण यांनी आधीच दुबळ्या ठोक्यांना धक्का दिला असावा, असं मानणारे अभ्यासक आहेत. मलाही ते पटतं.

विजू, शामनचा उपयोग फक्त सहीपुरता नाही, तो इथे आहे. घाबरलेल्या माणसाची भीती घालवणारं कुणीतरी.

---

मिसळ_जास्त_तर्री | रविवार, ११:२०

हे वाचून आज दुपारची झोप गेली.

---

विवेकवादी_विजू | रविवार, ११:४५

डॉक्टर, "असावा" वर एवढी मोठी इमारत? पण प्रकरण जबरदस्त आहे. वाचतो अजून.

---

तलासरीकर | रविवार, दुपारी १:३०

नर्सताईंचं वर्णन वाचताना एक फरक सारखा जाणवला. आमच्याकडे भगताच्या अंगात वारं येतं. म्हणजे देव खाली येतो, भगताच्या तोंडून बोलतो, माणूस जागेवरच. इथे उलटं दिसतंय. बाई घोड्यावर बसून निघून जाते, देवाच्या दारात जाऊन भांडून आत्मा परत आणते. की तिच्याही अंगात काही येतं?

---

बर्फातली_नर्स | रविवार, संध्याकाळी ६:१०

@तलासरीकर, दोन्ही. 'नेंग' म्हणजे सहाय्यक आत्मे, ते आधी तिच्याकडे येतात, त्यांच्याशिवाय घोडा हलत नाही. पण मग प्रवास तिचाच. पलीकडे जन्ममरणाचे दाखले देणारा एक अधिकारी बसतो, न्यु वा त्याचं नाव. माणसाचा दाखला संपत आला असेल तर मुदत वाढवून मागायची. (खोडसाळ, तहसील कार्यालयाचा विनोद मीच मनात करून झाला आहे.) पहिला शामन शी यी, त्याचीच हत्यारं आणि त्याचाच वसा आजचे शामन चालवतात असं मानतात.

आणि शामन व्हायचं म्हणून कुणी होत नाही. आत्मेच निवडतात, तेही आजार देऊन. मैत्रिणीच्या आईला थायलंडमधल्या बान विनाईच्या छावणीत असताना महिनोन्‌महिने बरं नव्हतं. दुसऱ्या शामनने सांगितलं, नेंग मागे लागलेत, हो म्हण. मग गुरूकडे दोन-तीन वर्षं शिकणं. तिला नको होतं. रात्री-अपरात्री फोन येतात, नाही म्हणता येत नाही. मिळतं काय तर थोडे पैसे आणि मांसाचा वाटा. नववर्षाला मात्र तिच्या आत्म्यांनाही काही दिवस सुट्टी. त्यांना जेवू घालून पाठवते आणि सुट्टी संपली की परत बोलावते. तेवढ्यात कुणी आजारी पडू नये अशी सगळ्यांची अपेक्षा.

@विजू, उशीर होतो, मी बघितलाय. एका आजोबांचं पोट फुगेपर्यंत घरी विधीच चालले होते, आणले तेव्हा आम्हाला फारसं करता आलं नाही. आणि असेही बघितलेत की केमो घेताहेत, नियमित येताहेत, आणि मनगटावर दोरे इतके की आयव्ही लावायला जागा शोधावी लागते. कापायचे नाहीत, बाजूला सरकवायचे. नवीन नर्सला आम्ही हे पहिल्या दिवशी शिकवतो.

अजून एक. बाळंतिणी वार मागून नेतात. मुलाची वार घराच्या मधल्या खांबाशी पुरायची, मुलीची आईवडिलांच्या पलंगाखाली. माणूस मेला की त्याचा आत्मा आयुष्यात राहिलेल्या प्रत्येक गावातून उलटा प्रवास करत जन्मगावी जातो आणि तिथली वार अंगरखा म्हणून घालतो, मग पितरांकडे. अंत्यविधीत हा रस्ता गाऊन सांगतात. सेंट पॉलपासून सुरुवात, मग आधी जिथे राहिले ते शहर, मग थायलंडची छावणी, मग मेकाँग, मग लाओसमधलं गाव. एकही मुक्काम सुटता कामा नये. सोबत ढोल आणि केंग नावाचा बांबूचा बाजा. तीन-चार दिवस, रात्रंदिवस. इथे त्यासाठी ह्मोंगांची वेगळी फ्युनरल होम्स आहेत.

---

रानजाई | रविवार, ६:४०

ताई, मग अपार्टमेंटमध्ये जन्मलेल्यांची वार कुठे पुरतात?

---

बर्फातली_नर्स | रविवार, ६:५५

स्वतःचं घर असेल तर अंगणात. भाड्याच्या घरात राहणारे बरेच जण हल्ली नेतच नाहीत. मैत्रिणीने तिच्या मुलाची नेली नाही. आईने वर्षभर बोलून दाखवलं.

---

एकदा_येऊन_तर_बघा | रविवार, रात्री ८:३०

मी डोंगरवेडी यांच्या ग्रुपमधलाच. "काका" म्हणजे अस्मादिक. मुलगी म्हणाली तुमच्यावर धागा निघालाय, म्हणून सदस्यत्व घेतलं.

पाकीट काढलं कारण मदत करावी असं वाटलं, आजारी माणसाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत आपल्याकडे. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम बघितला. खरं सांगू? एक माणूस रंगीत अंगरखा घालून अर्धा तास नाचला, मग स्प्रिंग रोल आले. ते तुमचं काळं फडकं, बाक, काहीच नव्हतं. स्प्रिंग रोल उत्तम.

---

खोडसाळ | रविवार, ८:३३

काका, स्वागत आहे! आजच्या धाग्याचे मानकरी तुम्हीच.

---

डोंगरवेडी | रविवार, ८:५०

काका, तुम्ही इथे! (बसमधलं सगळं इथे लिहिणार नाही, वाचनमात्र यांनी आशा सोडावी.)

सगळ्यांचे आभार, कागदाचं उत्तर मिळालं. दुसरा प्रश्न अजून लटकलाय. काकांना जो दाखवला तो नाटकी म्हणून सोडून देऊ. पण समजा एखाद्या घराने खरंच आत बोलावलं तर?

---

सह्यभ्रमर | रविवार, ९:२०

बोलावलं तर जावं. अट एकच, बोलावणं घरच्यांचं हवं, एजंटचं नको. दारावर डहाळी असेल तर विचारूही नये, कारण विचारलं की त्यांना तोंडावर नाही म्हणावं लागतं. आत गेलात तर शामन आणि ठाणं यांच्या मधून चालायचं नाही, दाराशी घुटमळायचं नाही, घराच्या मधल्या खांबाला टेकायचं नाही, त्याला बॅग अडकवायची नाही. फोटो घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून, आणि पेशंटचा तर नाहीच. जेवायला बसवलं तर बसायचं. शाकाहारी असाल तर आधी सांगा, भात आणि भोपळ्याचे वेल मिळतात.

---

विवेकवादी_विजू | रविवार, ९:४५

मी म्हणेन जाऊच नये. श्रद्धा असो-नसो, तो कुणाच्यातरी आजारपणाचा दिवस आहे. आपण ओळखीच्यांकडे ऑपरेशनच्या दिवशी कॅमेरा घेऊन जातो का?

---

रानजाई | रविवार, ९:५०

विजूशेठ आणि मी एकाच बाजूला! संपादकांनी धागा जतन करावा.

---

सेंट्रल_व्हॅली | सोमवार, पहाटे ५:१०

एक राहिलंय. सगळे ह्मोंग हे मानतात असं समजू नका. लाओसमध्ये १९५० पासूनच मिशनऱ्यांनी बऱ्याच गावांना ख्रिस्ती केलं, ठाणी काढून जाळली. व्हिएतनामच्या डोंगरात ऐंशीच्या दशकाअखेर रेडिओवरच्या ह्मोंग भाषेतल्या प्रवचनांनी हजारो लोक वळले, मिशनरी प्रत्यक्ष पोचायच्या आधीच. कारणं अनेक सांगतात. त्यातलं एक तिथलीच माणसं सांगतात: प्रत्येक आजाराला डुक्कर परवडत नाही. इथे फ्रेस्नोत माझ्या शेजारी एक भाऊ चर्चचा, दुसऱ्याच्या घरात ठाणं. बापाच्या अंत्यविधीला रस्ता गायचा की नाही यावर दोन आठवडे बोलणी चालली होती. शेवटी गायला. चर्चवाला भाऊ पार्किंगमध्ये उभा राहिला, पण चारही दिवस आला.

---

तलासरीकर | सोमवार, सकाळी ७:४५

"प्रत्येक आजाराला डुक्कर परवडत नाही" हे आमच्या पाड्यांवरही ऐकलंय, फक्त तिथे कोंबडा-बोकड.

---

पासपोर्टधारक | सोमवार, १०:१५

जानेवारीत व्हिएतनाममधल्या 'हा जांग'ला चाललोय, दोंग वान बाजूला. त्यांचं नववर्ष सापडेल का? कागद बदलताना बघायला मिळाला तर बरं.

---

बर्फातली_नर्स | सोमवार, संध्याकाळी ६:३०

लाओसमध्ये सुगी संपली की, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात. व्हिएतनाममध्ये गावागावाप्रमाणे वेगळं, बरीच गावं आता तेतबरोबरच (व्हिएतनामी नववर्ष) करतात. ज्यांच्याकडे राहणार त्यांना आधी मेसेज करून विचारा. कागद घरातले कर्ते पुरुष बदलतात, काम अर्ध्या तासाचं, बघायला बसाल तर हातात कोंबडा धरायला देतील.

---

पासपोर्टधारक | सोमवार, ६:४२

धरायचा की नाही ते बायकोला विचारून सांगतो. ती शाकाहारी आहे.